पिकअपच्या नाकाखालचा एअर डॅम : पंधरा महिन्यांचा अनुभव

ट्रक घेताना मी इंजिन पाहिलं, मागचा हौदा पाहिला, पुढच्या सीटवर ऐसपैस बसून पाहिलं. नाकाखाली लोंबणाऱ्या काळ्या पट्टीकडे मात्र बघितलंच नाही. तिची ओळख झाली आठवड्याभरात, आमच्याच ड्राइव्हवेच्या तोंडाशी. रस्त्यावर उतरताना खालून खर्रर्र आवाज आला आणि बायको म्हणाली, “काहीतरी तुटलं बघ.” तुटलं काही नव्हतं, त्या पट्टीची, म्हणजे एअर डॅमची, खालची कड काँक्रीटवर घासली होती. पुढे पुढे हा आवाज इतका रोजचा झाला की मुलं घर आल्याचं त्यावरून ओळखू लागली.

मी अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यात डेन्व्हरच्या उत्तरेला राहतो. ट्रक फुल-साइज, चार दारांचा, फोर-व्हील ड्राइव्ह. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ही पट्टी बऱ्याच जणांच्या ट्रकला असते आणि तिची रड सगळीकडे सारखीच आहे. रोजचं ऑफिस हायवेने, महिन्यातून एक-दोनदा डोंगरातले कच्चे फॉरेस्ट रोड, उन्हाळ्यात मागे छोटा कॅम्पर (ओढून न्यायची चाकांवरची खोली) आणि चार-पाच महिने बर्फ. म्हणजे एअर डॅमला जे आवडतं ते आणि जे अजिबात सोसत नाही ते, दोन्ही माझ्याकडे आहे.

आधी ही पट्टी करते काय ते सांगतो. ट्रकला खालून वाकून बघा. अ‍ॅक्सल, फ्रेमच्या दांड्या, एक्झॉस्टचा पाइप, ड्राइव्हशाफ्ट, सगळा उघडा संसार. वेगात असताना हवा या अडगळीत शिरते, ठेचकाळते आणि ट्रकला मागे ओढते. डॅम ती हवा पुढेच अडवून बाजूंना वळवतो. समोरून हवेला भिडणारा पृष्ठभाग त्याने थोडा वाढतो खरा, पण खालचा अडथळा त्याहून जास्त कमी होतो, म्हणून एकूण सौदा फायद्याचा. शिवाय पट्टीच्या मागे हवेचा दाब कमी राहतो आणि रेडिएटरमधून आलेली गरम हवा खाली ओढून घेतली जाते. हे दुसरं काम लोकांना माहीत नसतं. १९८२ साली आलेल्या शेव्हरोले कमॅरोच्या पिढीत तर रेडिएटरला हवा मुख्यतः खालूनच मिळायची. तिच्या नाकाखालची पट्टी तुटून पडली आणि मालकाने ती परत लावली नाही, की गाडी हायवेवर तापायची. मेकॅनिक थर्मोस्टॅट बदलत बसायचे आणि दुखणं भलतीकडेच असायचं.

मात्र हा सगळा खेळ वेगाचा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ३५ मैलांना जेवढा जोर लागतो, त्याच्या साडेचार पट ७५ ला. गावात दूध-भाजी आणताना ही पट्टी निव्वळ शोभेची, आणि तीही फारशी शोभत नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये आप्पा आले. आमचं गाव तासगावकडचं. द्राक्षाच्या हंगामात पिकअप म्हणजे बोलेरो, हौद्यात क्रेटची थप्पी आणि खाली शेताचा बांध. आप्पांनी ट्रकभोवती एक फेरी मारली, टायरवर हात फिरवला आणि समोर येऊन थांबले. “ह्यो मडफ्लॅप पुढनं लावलाय व्हय रं?” मी हवेचा विरोध, मायलेज वगैरे समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “बरं हाय. पर आपल्याकडं पहिल्याच स्पीडब्रेकरला गेला असता.”

गेला तो ऑगस्टमध्ये, इथल्या एका किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये. इथे प्रत्येक जागेच्या टोकाला काँक्रीटचा आडवा ठोकळा असतो, पाच-सहा इंच उंच. डॅमच्या कडेखाली जमीन आठ इंच, मी टेपने मोजलंय, त्यामुळे कागदावर काही प्रश्न नाही. पण त्या जागेला ठोकळ्याच्या अलीकडे पावसाचं पाणी वाहून जायला उतार होता. पुढची चाकं त्यात उतरली, ब्रेकमुळे नाकही थोडं झुकलं आणि पट्टी मागच्या बाजूला दुमडत ठोकळ्यावरून पलीकडे गेली. हलकासा आवाज झाला. मी नेहमीचाच समजून सोडून दिला. खरी गोम परतीच्या वाटेवर. पुढे जाताना पट्टी मागे वाकते, तशीच ती बनवलेली आहे. रिव्हर्स घेताना तिला पुढे वाकायचं असतं आणि तिथे ती वाकत नाही, हुकासारखी अडकते. मी गाडी मागे घेतली आणि कडाक-कडाक करत डाव्या बाजूच्या चार क्लिपा निखळल्या. उतरून पाहिलं तर पट्टीचा एक भाग ठोकळ्यावर लोळतोय, दुसरा गाडीला लोंबतोय आणि क्लिपेच्या भोकापासून वीतभर चीर गेलेली. शेजारच्या गाडीतल्या आजींनी खिडकी खाली करून माझ्याकडे फार कणवेने पाहिलं. आप्पा मागच्या सीटवर होते. काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.

तेव्हापासून एक नियम पाळतो. ठोकळा दिसला की पार्किंग उलटं, म्हणजे मागची बाजू ठोकळ्याकडे.

नव्या पट्टीला सुमारे १५० डॉलर सांगितले, बसवायचे वेगळे. मी जुनीच झिप टायने बांधून दोन महिने चालवली आणि ऑक्टोबरमध्ये वैतागून काढून टाकली. सात मिलिमीटरचं सॉकेट, प्लास्टिकच्या क्लिपा उचकटायची चिमट्यासारखी कांडी आणि २० मिनिटं. नाकाखालची जमीन आठाची साडेबारा इंच झाली. त्याच शनिवारी एका फॉरेस्ट रोडवर गेलो. जिथे नेहमी तिरकं, एक-एक चाक उतरवत जावं लागायचं, तो चर समोरून सरळ पार केला. फार बरं वाटलं.

इथे माझी एक फजिती कबूल करतो. डिसेंबरपर्यंत मायलेज गॅलनला २० मैलांवरून १८ वर आलं (आपल्या भाषेत लिटरला साडेआठवरून पावणेआठ किलोमीटर). आमच्या मित्रमंडळात मी छातीठोकपणे सांगत सुटलो की एअर डॅम काढल्यावर दहा टक्क्यांचा फटका बसतो. एकाने तर माझं ऐकून आपला मोडका डॅम नवा करून घेतला. मग जानेवारीत टायरमध्ये हवा भरताना लक्षात आलं की नोव्हेंबरमध्ये मी टायर बर्फाचे टाकलेत. पेट्रोलही हिवाळी मिश्रणाचं, ज्यात दर गॅलनला ऊर्जा थोडी कमी असते. थंड हवा जड, म्हणून विरोधही जास्त. इंजिन गरम व्हायला सकाळी जास्त वेळ लागतो. एवढ्या सगळ्यांचं पाप मी एकट्या पट्टीच्या माथी मारलं होतं.

म्हणून मे महिन्यात नीट मोजायचं ठरवलं. चिरलेला डॅम आतून पत्र्याची पट्टी आणि रिव्हेट मारून सांधला. वारा नसलेला रविवार निवडला. आय-७६ हायवेवर ब्रायटनपासून विगिन्सपर्यंत साधारण ४० मैल जायचं आणि परत यायचं, क्रूझ कंट्रोल ७५ वर. जाताना थोडा उतार, येताना तेवढाच चढ, त्यामुळे फेरी पूर्ण केल्याशिवाय आकडा धरायचा नाही. पहिली फेरी डॅम लावून, दुसरी काढून, तिसरी परत लावून. तिसरी फेरी बायकोला वेडेपणा वाटला, पण तिच्याशिवाय दुसऱ्या फेरीतला फरक उन्हाचा की डॅमचा हे कळलं नसतं. एका फेरीला जेमतेम चार गॅलन पेट्रोल लागतं आणि पंपाचा खटका एक-दोन दशांश गॅलन इकडे-तिकडे पडतो, म्हणजे मोजायचा फरक जेवढा तेवढीच मोजण्यातली चूक. म्हणून टाकी भरून मोजायच्या भानगडीत न पडता ट्रकच्याच कॉम्प्युटरचा आकडा धरला. तो खराखुरा बरोबर नसला तरी तिन्ही वेळा सारखाच चुकणार.

आकडे आले असे (गॅलनला मैल) : लावून २०.१, काढून १९.६, परत लावून २०.२. फरक अडीच ते तीन टक्के. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच, इथली हवा सुमारे १७ टक्के विरळ. खाली ह्यूस्टनला हाच ट्रक चालवला तर फरक थोडा जास्त दिसावा.

आता हिशेब. मी वर्षाला १५,००० मैल चालवतो, त्यातले निम्मे अशा वेगाने. त्या निम्म्यात साडेनऊ गॅलन वाचतात. पेट्रोल तीन डॉलर धरलं तर वर्षाला साधारण २८ डॉलर. आणि नवी पट्टी १५० ची. म्हणजे पाच वर्षांची बचत एका ठोकळ्यावर.

मग कंपन्या लावतात कशाला? कारण त्यांचा हिशेब एका ट्रकचा नसतो. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यापासून प्रत्येक कंपनीच्या सगळ्या गाड्यांचं मिळून सरासरी मायलेज मोजलं जातं, आणि ते कमी पडलं तर दंड गॅलनमागे मैलाच्या दहाव्या भागाच्या हिशेबाने, विकलेल्या प्रत्येक गाडीवर. २०२५ मध्ये त्या दंडाची रक्कम शून्यावर आणली गेली, पण रस्त्यावरचे ट्रक जुन्या धाकातच आखलेले आहेत. माझ्या अर्ध्या मैलाचं मोल मला वर्षाला २८ डॉलर, पण लाखो ट्रक विकणाऱ्याला ते किती असेल बघा. ठोकळ्यावरचा खर्च मात्र माझ्या खिशातून. आणि ज्यांना डोंगरात जायचंय त्यांना ती पट्टी अडचणीची आहे हे कंपन्यांनाही पक्कं ठाऊक असतं. टोयोटा टकोमाच्या २०१६ च्या पिढीत साध्या मॉडेलला डॅम होता आणि पुढून चढायचा कोन (नाक न घासता किती उभ्या चढाला भिडता येतं तो) २९ अंश. ऑफ-रोड मॉडेलला डॅमच नाही, कोन ३२.

वर-खाली होणारे डॅमही आले आहेत. २०१९ च्या रॅम १५०० मध्ये ताशी ३५ मैलांनंतर तो अडीच इंच खाली उतरतो, २०२१ पासून फोर्ड एफ-१५० मध्येही तसली सोय आहे. कल्पना उत्तम, जिथे नको तिथे वर आणि हवा तिथे खाली. पण आमच्याकडच्या हिवाळ्यात बर्फाचा चिखल गोठून सिमेंटसारखा होतो, तिथे बंपरखाली मोटर आणि सांधे असलेली आणखी एक वस्तू मला तरी नको.

हिवाळ्यातच डॅमचे खरे हाल. रात्री नगरपालिकेचा बर्फ हटवणारा नांगर जातो आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी गुडघाभर बांध टाकून जातो. त्यातून गाडी काढली की पट्टी फावड्यासारखी बर्फ ढकलते, आणि शून्याखाली वीस अंशांना ते प्लास्टिक पापडासारखं तुटतं. याची दुसरी बाजू मात्र मी डॅम काढल्यावरच पाहिली. इथे रस्त्यांवर बर्फ वितळवायला मॅग्नेशियम क्लोराइड हा क्षार फवारतात. मार्चमध्ये खाली आडवा झालो तर रेडिएटरच्या खालच्या आधारावर पांढरा, ओलसर थर बसलेला. आदल्या वर्षी तो तिथे नव्हता. गंजाचं काय व्हायचं ते दोन-तीन वर्षांनी कळेल, तोवर दर पंधरा दिवसांनी खालून पाणी मारतो.

तापण्याची भीती होती, ती फारशी खरी ठरली नाही. जूनमध्ये डॅमशिवाय कॅम्पर ओढत आय-७० ने आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत, ११,००० फुटांच्या वर गेलो. कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान आदल्या वर्षीपेक्षा तीन-चार अंश फॅरनहाइट जास्त दिसलं, त्यात त्या दिवशीचं ऊनही आलं. पण जड ट्रेलर ओढणाऱ्याने माझ्या भरवशावर राहू नये. इंजिनचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावून स्वतःचा घाट स्वतः चढून बघावा.

सध्या डॅम गॅरेजच्या भिंतीवर दोन खिळ्यांवर टांगलेला असतो, क्लिपा आणि स्क्रू शेजारी पिशवीत. पट्टीच्या दोन्ही टोकांचे तुकडे, जे पुढच्या चाकांसमोर येतात, ते वेगळे आहेत आणि गाडीवरच ठेवलेत. ते घासत नाहीत आणि चाकांवरचा वारा थोडा तरी वळवत असतील. लांबचा सपाट प्रवास असला की मधली पट्टी लावतो, एरवी नाही.

पुढच्या आठवड्यात कॅन्सासला जायचंय, म्हणून काल रात्री लावून ठेवली. आज सकाळी दूध आणायला निघालो, ड्राइव्हवेच्या तोंडाशी खर्रर्र झालं आणि मागच्या सीटवरून धाकटी म्हणाली, “बाबा, घर आलं?”