घरी येणारी सेविका की दिवसभराचं केंद्र?

सासूबाईंसाठी घरी येणारी आरोग्यसेविका मागू की त्यांना दिवसभराच्या ज्येष्ठ केंद्रात पाठवू, असा प्रश्न आलाय. माहितीपत्रकांत दोन्हीकडे हसरे चेहरेच असतात, ते बाजूला ठेवू.

खर्चात, दोन्ही सेवा सार्वजनिक असतील तर, फार फरक पडत नाही. केंद्राला जायच्या-यायच्या वाहनाचा हिशेब तेवढा धरा.

खरी गोम घरच्यांच्या श्रमांत आहे. सेविका रक्तदाब मोजेल, मलमपट्टी करेल, गोळ्यांचा डबा तपासेल आणि निघेल. उरलेला दिवस तुमच्याच गळ्यात. केंद्रामुळे सलग मोकळे तास मिळतात, पण सकाळी आंघोळ, नाश्ता उरकून त्यांना वेळेत दाराशी आणायचं म्हणजे रोजची तारांबळ.

सेविकेला घर दिसतं: पायाखाली सरकणारी सतरंजी, बाथरूममधला अंधार, मुदत संपलेलं औषध. म्हातारी माणसं पडतात ती बहुधा घरातच. केंद्राला हे कळत नाही. तिथे चार माणसं भेटतात, हातपाय हलतात.

अंथरुणाला खिळलेल्यांना किंवा नुकतंच ऑपरेशन झालेल्यांना घरची सेवा बरी. हिंडत्याफिरत्या पण एकट्या पडलेल्यांना केंद्र. स्मृतिभ्रंश असेल तर केंद्रात घेतात का, हे आधीच विचारा.