जीआय टाकीतलं पावसाचं पाणी फिशटँकला: काही महिन्यांच्या वापरानंतर

पन्हळीखाली जीआय, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याची टाकी लावून तिचं पाणी मी गेले काही महिने फिशटँकसाठी वापरतोय. चालतं का? चालतं. पण नुसतं तेच पाणी भरून नाही, आणि टाकी कोरी असताना तर मुळीच नाही.

"माणसं पितात, मग माशांना काय होतंय?" हे मला सगळ्यांत जास्त वेळा ऐकवलं गेलं, आणि नेमकं तेच फसवं आहे. जस्ताच्या बाबतीत माणूस दणकट. लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर जस्त गेलं तर पाणी लोकांना रुचणार नाही, एवढंच जागतिक आरोग्य संघटना म्हणते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा गोड्या पाण्यातल्या जीवांसाठीचा निकष मात्र 0.12 मिलिग्रॅमच्या आसपास आहे, तोही पाण्याचा जडपणा (विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) लिटरला 100 मिलिग्रॅम धरून. जडपणा 20 वर आला की तो साधारण 0.03 पर्यंत उतरतो. कारण जस्त कल्ल्यांतून आत शिरतं आणि तिथे कॅल्शियम त्याची वाट अडवतं. कॅल्शियमच नसेल तर जस्ताला रान मोकळं. पावसाच्या पाण्यात ते जवळपास नसतंच. शिवाय हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाऊस मुळात आंबटसर, पीएच 5.6 च्या आसपास, त्यामुळे मुलामा विरघळवायलाही तोच पुढे. टेट्रा-रासबोरासारखे मऊ, म्हणजे कमी जडपणाच्या पाण्यातले मासे पाळणारे आपण या पाण्यासाठीच तर टाकी लावतो!

टीडीएस मीटरवर (पाण्यात एकूण विरघळलेले क्षार दाखवतं ते) विसंबू नका. त्यावर पाणी अगदी स्वच्छ दिसतं, पण माशांना बाधणारं जस्त त्या मीटरच्या एका अंकाहूनही कमी असतं. तांबं तपासायचं किट जस्त दाखवत नाही. मी नमुना प्रयोगशाळेत दिला. नव्या टाकीतलं, बरेच दिवस साचलेलं पाणी पिण्याच्या मर्यादेत आरामात बसत होतं आणि माशांच्या मर्यादेच्या कितीतरी वर होतं. ते सगळं झाडांना घातलं. पुढे पत्र्यावर करडा, मंद थर धरला (जस्ताचं कार्बोनेट, नव्या पत्र्यावर येणारा भुसभुशीत पांढरा गंज वेगळा) आणि नंतरच्या नमुन्यात जस्त बरंच उतरलेलं निघालं. शून्य नाही झालं, होणारही नाही.

आता माझी पद्धत अशी: पहिल्या सरींचं पाणी बाहेर सोडायचं, म्हणजे छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण टाकीत येत नाही. टाकीत चुनखडीचे खडे ठेवलेत. त्याने जडपणा आणि पीएच दोन्ही थोडे वर राहतात. फिशटँकला देताना निम्म्याहून जास्त पाणी क्लोरीन काढलेलं नळाचं. केएच (पीएच स्थिर ठेवणारा कार्बोनेटचा जडपणा) मोजल्याशिवाय बादली ओतत नाही, कारण केएच शून्याला टेकला की पीएच कधी कोसळेल सांगता येत नाही, आणि तो धोका जस्ताइतकाच खरा आहे. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढायला कंडिशनर घेताना जड धातू बांधणारा आहे का ते लेबलवर बघा. साधं सोडियम थायोसल्फेट क्लोरीन मारतं, जस्ताला हातही लावत नाही.

मासे ठीक आहेत. पाणी बदलल्यावर पृष्ठभागाशी येऊन धापा टाकणं, कल्ले भराभर हलवणं असलं काही दिसलं नाही. दिसलं तर आधी पाण्यावरच संशय घ्या. कोळंबीच्या टँकला मात्र हे पाणी मी देत नाही आणि देणारही नाही. कवचवाल्या बारक्या जीवांना धातू माशांपेक्षा लवकर भोवतात, आणि गोगलगायींची कवचं मऊ पाण्यात तशीही झिजतात.

टाकीला तांब्याचा पाइप किंवा पितळी तोटी जोडू नका. जस्त आणि तांबं ओल्यात एकमेकांना भिडले की जस्त झपाट्याने खाल्लं जातं, वर तांब्याचं विष वेगळंच.

पुन्हा घ्यायची झाली तर आतून पॉलिमरचं अस्तर असलेली टाकी घेईन. मात्र छप्परही गॅल्व्हनाइज्ड असेल, तर अस्तर लावूनही वरून जस्त येतच राहणार, तेव्हा पाणी तपासायचं ते टाकीतलं आणि पन्हळीतलं, दोन्ही.