पॅनिक अटॅकसाठी थेरपी घेतली, त्या मॅडमचा रिव्ह्यू (मोठा आहे, पण वाचा)

आधी निकाल सांगतो, पाचपैकी पाच. मॅडमचं नाव टाकत नाहीये कारण त्या एकट्याच प्रॅक्टिस करतात आणि नाव टाकू का असं मी त्यांना विचारलेलं नाही. चिंचवडला क्लिनिक आहे एवढं पुरे. पण त्या काम कसं करतात ते नीट लिहितोय, म्हणजे तुम्ही नाशिकला असा नाहीतर नागपूरला, तुमच्या थेरपिस्टचं काम बरोबर चाललंय का ते तुम्हाला बघता येईल.

माझं झालेलं असं की मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर कामशेतच्या बोगद्यात अचानक छाती धडधडायला लागली, हाताला मुंग्या, डोळ्यापुढे अंधारी, आणि आता आपण इथेच जाणार असं पक्कं वाटलं. बायकोने तिथून थेट हॉस्पिटल गाठलं. ईसीजी नॉर्मल, टूडी इको नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. डॉक्टर म्हणाले काही नाहीये, टेन्शन घेऊ नका. पण त्यानंतर घाट बंद, लिफ्ट बंद, मेट्रो बंद, गाडीत कोणीतरी सोबत पाहिजेच, खिशात एसओएस म्हणजे त्रास झाला तरच घ्यायची म्हणून दिलेली गोळी आणि हातात पाण्याची बाटली असल्याशिवाय घराबाहेर पाऊल नाही. ज्याला झालंय त्यालाच कळेल हे.

पहिल्या सेशनला मॅडमनी सगळ्यात आधी रिपोर्ट मागितले. हे मला खूप आवडलं. सगळं मनाचंच आहे असं धरून त्या बसल्या नाहीत, थायरॉइड किंवा हृदयाच्या ठोक्यांचा प्रॉब्लेम असला तरी असंच होऊ शकतं म्हणून आधी ते बघितलं. मग एक फॉर्म समजावून सांगितला, की इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, पण तुमच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असेल किंवा कोर्टाने मागितलं तर मला सांगावं लागेल. हे आधीच स्वच्छ सांगितलेलं बरं. मी आधी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो तिथे मी बोललेलं माझ्या बायकोला फोनवर सांगितलं गेलं, मला न विचारता, आणि मग महिनोन्‌महिने मी कोणासमोर तोंड उघडलं नाही. असं कोणी केलं तर सरळ उठून यायचं.

मग ९ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, पीएचक्यू-९ म्हणतात त्याला, डिप्रेशन किती आहे ते बघायला. त्यात शेवटचा प्रश्न जीव द्यायचे किंवा स्वतःला इजा करायचे विचार येतात का हा आहे. माझं उत्तर नाही असं होतं तरी मॅडमनी तोंडीसुद्धा विचारलं, शांतपणे, नजर न चुकवता. आपल्याकडे लोकांना वाटतं असं विचारलं की नसलेले विचार डोक्यात येतात, तसं होत नाही, उलट ज्याच्या मनात असतं त्याला कोणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं.

आता मुख्य गोष्ट. मला वाटलेलं काउन्सेलर म्हणजे धीर देणार, काही होणार नाही म्हणणार. मॅडमनी ते जवळजवळ केलंच नाही, आणि का करणार नाही ते सांगितलं. त्यांनी कागदावर एक गोल काढला. धडधड होते, मेंदू म्हणतो हार्ट अटॅक, त्या भीतीने अ‍ॅड्रिनलिन वाढतं, धडधड आणखी वाढते, श्वास जोरात होतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो म्हणून मुंग्या आणि चक्कर, आणि ते बघून मेंदू म्हणतो बघ, मी म्हटलं नव्हतं! १९८६ मध्ये डेव्हिड क्लार्क नावाच्या इंग्लंडमधल्या मानसशास्त्रज्ञाने हे मांडलं म्हणे, आणि पॅनिकसाठीची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी, बऱ्याच अंशी यावरच उभी आहे. मॅडमचं म्हणणं, मी दरवेळी तुम्हाला काही होणार नाही म्हटलं तर तेवढ्यापुरतं बरं वाटेल, पण मेंदू शिकेल की मॅडम म्हणाल्या म्हणून वाचलो. पाण्याची बाटली, खिशातली गोळी, शेजारी बसलेली बायको, सगळं त्यातच आलं. हे ऐकून मी पाच मिनिटं गप्प बसलो होतो कारण माझा अख्खा दिवस याच गोष्टींवर चालला होता.

एकदा रात्री मी मेसेज केला, धडधडतंय, हार्टचं तर नाही ना? उत्तर सकाळी आलं, की याबद्दल सेशनमध्ये बोलू, तोपर्यंत काय झालं आणि किती वेळात उतरलं ते वहीत लिहा. त्या रात्री मला राग आला होता, खोटं का बोलू. पण हे आमचं आधीच ठरलेलं होतं, आणि वहीत लिहिताना दिसलं की दहा-पंधरा मिनिटांत सगळं आपोआप उतरलं, कोणी काही न करता. (छातीत नवीन प्रकारचं दुखलं, वेगळं काही वाटलं तर आधी डॉक्टरच, हेही त्यांनी बजावलेलं आहे.)

मग एका सेशनला मला मुद्दाम जोरजोरात श्वास घ्यायला लावला, क्लिनिकमध्ये, आणि स्वतःही माझ्यासोबत तसाच श्वास घेतला. मिनिटाभरात मुंग्या, चक्कर, सगळं तेच! बोगद्यात होतं ते इथे खुर्चीत बसून झालं आणि मी मेलो नाही. मग स्ट्रॉमधून श्वास, खुर्चीत गोल फिरणं, जिने धावत चढणं. माझा हार्टचा रिपोर्ट चांगला होता म्हणून हे करता आलं, यूट्यूब बघून आपल्या मनाने करू नका. चक्कर येऊन पडेन ही माझी मोठी भीती होती, त्यावर कळलं की पॅनिकमध्ये बीपी सहसा वाढतं आणि शुद्ध हरपायला ते खाली यावं लागतं. ही एक माहिती मला कोणत्याही डॉक्टरने दिली नव्हती.

बाहेरचा अभ्यास पायऱ्यापायऱ्यांनी. यादी मी केली, मॅडमनी नाही, आणि कुठली पायरी कधी ते पण मीच ठरवायचं. आधी लिफ्ट, मग पिंपरीच्या पीसीएमसी स्टेशनहून मेट्रोने पुण्यात सिव्हिल कोर्ट, ती शिवाजीनगरच्या आधी जमिनीखाली जाते तिथे मला घाम फुटायचा. मग बायकोसोबत कामशेतचा बोगदा ओलांडून लोणावळ्याला उतरून परत, मग तेच एकट्याने, मग बाटली घरी ठेवून. शेवटी वाशी, म्हणजे आडोशी, माडप, भाताण सगळे बोगदे. मधे एकदा लोणावळ्याच्या आधीच धीर सुटला, तर मॅडम रागावल्या नाहीत की शाब्बास प्रयत्न केलात असंही म्हणाल्या नाहीत, नेमकं काय मनात आलं ते विचारून अर्धा तास त्यावरच घालवला. त्यांचा आधार असा असतो, तुमचं ऐकताना त्या दुसरीकडे कुठेच नसतात, मागच्या महिन्यात सहज बोललेलं वाक्य त्यांच्या लक्षात असतं.

दर काही सेशननंतर विचारायच्या, याचा उपयोग होतोय का, मी काही वेगळं करू का? मला हे नवीन होतं. डॉक्टरला कोण सांगतं की तुमचं हे पटत नाही. मी एकदा सांगितलं की इंग्रजी शब्द फार येतात, पुढच्या वेळेपासून सगळं साध्या मराठीत.

शिक्षणाचं विचाराच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा म्हणजे आरसीआयचा नंबर असतो, मॅडमचा भिंतीवर लावलेला आहे. औषधं त्या देत नाहीत, गरज लागली तर सायकियाट्रिस्टकडे पाठवतात. माझी गोळी पण मी मनाने बंद केली नाही, ज्या डॉक्टरांनी दिली त्यांच्याशी बोलूनच.

तक्रार म्हटली तर फी. ५० मिनिटांचे १५०० रुपये, ते सगळ्यांना जमणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं असं आहे, पण माझ्या पॉलिसीत ओपीडीच नाही त्यामुळे एक रुपया मिळाला नाही, तुमची बघून घ्या. परवडत नसेल त्यांनी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पॅनिकसाठी पुढे थेरपी लागेलच, पण रात्री दोनला बोलायला माणूस पाहिजे असतो.

संध्याकाळी सातनंतरचे स्लॉट लवकर भरतात, दोन-तीन आठवडे आधी सांगावं लागतं. शनिवारी सकाळी सोपं जातं. ऑनलाइन पण करतात, पण श्वासाचे आणि जिन्याचे प्रयोग समोरासमोरच चांगले होतात, त्यामुळे निदान सुरुवातीचे सेशन तरी प्रत्यक्ष जाऊन करा.