सावंतवाडीची लाकडी खेळणी मेलबर्नला आणली, दुकानाला ५ पैकी ५ आणि पाटाची गोष्ट वेगळी

लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला प्लास्टिक नको असं आधीच ठरवलं होतं, म्हणून ह्या वेळी गावाहून परत येताना सावंतवाडीला वाट वाकडी करून गेलो. मोती तलावापासून चितारआळी चालत अगदी जवळ. तिथे दुकानं भरपूर आहेत, पण मी शेवटी एका छोट्या दुकानातून सगळं घेतलं कारण तिथले काका मागेच बसून स्वतः रंगवत होते, आणि परदेशात न्यायचंय म्हटल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं तर प्रत्येक वस्तू उलटी करून तळ दाखवला. म्हणाले, "तळाक रंग नाय मारलो तर भुंगो लागता, ह्यो बघ, खाली पण मारलेलो आसा." तेव्हा एवढं काही वाटलं नव्हतं पण मेलबर्न एअरपोर्टवर त्या वाक्याची किंमत कळली.

घेतलं काय तर भातुकलीचा सेट, लाकडी फळांची परडी, दोन भोवरे आणि दशावतारी गंजिफा म्हणजे दशावतारांची चित्रं असलेले जुन्या पद्धतीचे पत्ते, गोल १२० पानं, चित्र काढलेल्या लाकडी पेटीत. फळं एवढी हुबेहूब की सासूबाईंनी सीताफळ हातात घेऊन दाबून बघितलं!! खवल्यांच्या खाचेत हिरवा रंग थोडा गडद आणि कडेला फिकट, कुठेही ब्रशचा ओघळ नाही. फिनिशिंगला खरंच तोड नाही.

आता कस्टम्सचं, कारण बऱ्याच जणांना ह्याचीच भीती असते. ऑस्ट्रेलियात लाकडी वस्तू आणायला बंदी नाहीये. पण विमानात जे इनकमिंग पॅसेंजर कार्ड देतात त्यात लाकडी वस्तूंचा उल्लेख स्पष्ट आहे आणि तिथे "येस"वर खूण करायचीच. खूण केली की बॅग उघडतील, वेळ जाईल, मूल रडेल, सगळं मान्य. तरीही करायचीच. सांगून आणलेली वस्तू त्यांनी ठेवून घेतली तरी दंड होत नाही, लपवलेली सापडली तर मोठा दंड आणि व्हिसासुद्धा रद्द होऊ शकतो. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर येतात आणि "एवढंसं पोळपाट-लाटणं तर आहे" म्हणून "नो" करतात, प्लीज त्यांना निघायच्या आधीच फोनवर समजावून सांगा.

आमची बॅग उघडली ती ऑफिसर अतिशय नीट वागली. एक एक फळ हातात घेऊन टॉर्च मारून बघितलं. ती बघत होती तीन गोष्टी: झाडाची साल कुठे राहिलीये का, बारीक भोकं आहेत का, आणि पिशवीच्या तळाशी लाकडाचं पीठ पडलंय का. फळं पास, भातुकली पास, भोवरे पास. गंजिफाची पेटी उघडल्यावर तर तिने पानं कशी खेळतात ते विचारलं, मला अर्धवटच सांगता आलं, वाईट वाटलं. सगळं मिळून वीसेक मिनिटं.

अडकला तो पाट. माझ्या आजीचा, लग्नातला, पितळी फुलं ठोकलेला. लेकीला त्यावर बसवून औक्षण करायचं होतं म्हणून आईने माळ्यावरून काढून दिला होता. वरून चकाचक, पण ऑफिसरने उलटा करून पांढऱ्या कागदावर आपटला तर कागदावर पिवळसर पीठ पडलं आणि पायाजवळ टाचणीच्या डोक्याएवढी चार भोकं दिसली. माझ्या पोटात गोळाच आला. तिने पर्याय सांगितले: स्वतःच्या खर्चाने किडा मारायची ट्रीटमेंट करा, परत पाठवा, नाहीतर नष्ट करायला द्या. आपल्याला चार भोकं म्हणजे काहीच वाटत नाही पण इथली बरीचशी घरं लाकडाच्या सांगाड्यावर उभी असतात, बाहेरचा किडा एकदा शिरला की तो पाटापुरता थांबत नाही. त्यामुळे नियमाबद्दल माझी अजिबात तक्रार नाही.

तक्रार आहे ती ट्रीटमेंट करणाऱ्या खाजगी कंपनीबद्दल. पैसे आधी घेतले (तेवढ्यात सावंतवाडीत तीन चौरंग आले असते), मग फोन उचलेनात, दोन मेलला उत्तर नाही, आणि वाढदिवस पाटाशिवाय झाला. नंतर आला तेव्हा एक पितळी फूल सैल झालेलं होतं, ठेवताना कुणीतरी आपटलं असणार. सर्व्हिसला १ स्टार, तोही पाट शेवटी हातात आला म्हणून.

तेव्हा जुनं लाकूड आणणार असाल तर घरीच आधी उन्हात काळा कागद पसरून त्यावर आपटून बघा, पीठ पडलं तर आणूच नका, फोटो काढून तिथेच ठेवा. सालीसकट फांदीवर बसवलेले पक्षी वगैरे मिळतात ते दिसायला गोड असतात पण साल चालत नाही. लक्ष्मीपूजनाची केरसुणी, रुद्राक्षाची माळ, हेसुद्धा डिक्लेअर करायचं, ते लाकूड नाही म्हणून सुटत नाही. आणि लाकडी वस्तू बॅगेत सगळ्यात वर ठेवा, मी खाली साड्यांमध्ये गुंडाळल्या होत्या तर सगळी बॅग काउंटरवर उपसावी लागली.

चितारआळीत दुपारी जेवणाच्या वेळी बरीच दुकानं बंद असतात, सकाळी नाहीतर चारनंतर जा. पॅकिंग काकांनी वर्तमानपत्रात करून दिलं होतं, एकाही फळाचा रंग उडाला नाही.