बंद बरणीतलं टेरॅरियम: काच उत्तम, माती नापास

'पाणी नको, खत नको, निगा नको. झाकण लावा आणि विसरा' असं खोक्यावर छापलेले टेरॅरियमचे, म्हणजे काचेच्या बरणीतल्या छोट्या बागेचे, संच हल्ली सर्रास मिळतात. नावं वेगवेगळी, आतला माल जवळपास एकच: पाच लिटरची काचेची बरणी, कॉर्कचं बूच, अर्धा किलो खडे, पुडीभर सक्रिय कोळसा, गोल कापलेली जाळी, 'निर्जंतुक' मातीची पिशवी, वाळवलेलं शेवाळ (मॉस), लांब चिमटा, फवारा आणि एका पानाचं माहितीपत्रक. रोपं काही संचांत येतात, काहींत आपली आपण आणायची.

पाचपैकी तीन गुण. बरणीला साडेचार, मातीला एक, पत्रकाला तेवढाही नाही.

बरणी खरंच चांगली असते. काच रंगहीन असावी एवढं मात्र बघून घ्या. हिरवट किंवा धुरकट काच दिसायला छान, पण झाडाला लागणारा उजेड बाहेरच अडवते. तोंड इतकं रुंद हवं की हात मनगटापर्यंत आत जाईल. नाहीतर चिमट्याने रोप लावताना मुळं तुटतात आणि पहिल्या आठवड्यातच तिथून कूज सुरू होते.

बुचाबद्दल तक्रारी फार वाचायला मिळतात: हवाबंद नाही, दमट होतं, खालून बुरशी धरतं. बुरशीची तक्रार खरी आहे. महिन्यातून एकदा बूच काढून पुसायचं आणि दिवसभर कोरडं होऊ द्यायचं. पण हवाबंद नसणं हा दोष नाही. बरणीत माती-खडे भरल्यावर चारेक लिटर हवा उरते. त्यात ऑक्सिजन असतो साधारण ८४० मिलिलिटर आणि कार्बन डायऑक्साइड जेमतेम पावणेदोन मिलिलिटर, म्हणजे कार्बनच्या वजनात एक मिलिग्रॅमहूनही कमी. बऱ्यापैकी उजेडात तळहाताएवढ्या पानाला एवढा साठा तास-दोन तासांत तळाला नेता येतो. 'बंद बरणीत झाड गुदमरेल' ही भीती सगळ्यांना असते ती ऑक्सिजनची. आधी तुटवडा पडतो तो कार्बन डायऑक्साइडचा. बुचाच्या फटीतून तो थोडा आत येतो. उरलेला सगळा मातीने पुरवायचा असतो, आणि हा संच नेमका तिथेच घसरतो.

त्याआधी खड्यांचं बघू. पत्रक म्हणतं, तळाशी पाच सेंटीमीटर खड्यांचा थर द्या, म्हणजे 'निचरा होतो'. होत नाही. बारीक कणांच्या मातीतलं पाणी केशाकर्षणाने धरलेलं असतं. खालच्या मोठ्या पोकळ्यांत ते उतरतं ते वरची माती तळाशी जवळजवळ पूर्ण भिजल्यावरच. म्हणजे खडे असोत वा नसोत, मातीच्या थराच्या तळाला चिकचिक राहतेच. उलट खड्यांनी जागा खाल्ल्यामुळे ती मुळांच्या आणखी जवळ येते. दीड ते दोन सेंटीमीटर थर पुरे. त्याचा खरा उपयोग वेगळा आहे: काचेतून खाली साचलेलं पाणी दिसतं. खड्यांत पाणी दिसलं की समजायचं, जास्त झालं.

खडे रंगीत असतील तर टाकून द्या, रंग सुटतो. पांढरे असतील तर एका खड्यावर व्हिनेगरचा थेंब टाकून बघा. फसफसलं तर तो चुनखडीचा किंवा संगमरवराचा. असे खडे हळूहळू विरघळून मातीचा सामू (पीएच) वाढवतात, मग झाडाला लोह मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या अशी दिसायला लागतात. अशा पानांवर लोक खत मारतात आणि रोग आणखी वाढवतात.

कोळशाची जाहिरात 'हवा शुद्ध करतो' अशी आहे. सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमला शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग असतो, त्यावर वासाचे आणि इतर सेंद्रिय रेणू चिकटतात, हे खरं. पण जागा भरली की संपलं. शिवाय अमोनिया आणि नायट्रेट त्याला फारसे धरता येत नाहीत. वेगळा थर देण्यापेक्षा दोन-तीन चमचे कोळसा चाळणीत धुऊन, काळी भुकटी काढून, मातीतच मिसळा. नसला तरी अडत नाही.

आता माती. पिशवीवर 'निर्जंतुक' हा शब्द सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो, जणू औषधाची बाटली. आत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), थोडं पर्लाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे कण) आणि काही संचांत वाळू. कुंडीसाठी ठीक आहे, कारण कुंडीला हवा बाहेरून मिळते आणि खत वरून पडतं. बंद बरणीत मात्र मातीकडे तीन कामं असतात: गळलेलं पान कुजवून त्यातला कार्बन हवेत परत सोडणं, त्यातला नायट्रोजन मुळांना घेता येईल अशा रूपात आणणं, आणि पाणी धरूनही हवेला वाट ठेवणं. पहिली दोन कामं जिवाणू आणि बुरशा करतात. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असून झाडाला त्याचा थेट काही उपयोग नाही. कुजणाऱ्या पानातून आधी अमोनियम, मग त्यापासून नायट्रेट, असं जिवाणूंच्या हातून फिरून आलं तरच ते मुळांच्या कामाचं. निर्जंतुक मातीत हे कामकरीच नसतात. भरीला भर म्हणजे अशा रिकाम्या मातीत पहिली पोहोचते ती झपाट्याने वाढणारी पांढरी बुरशी, कारण तिला अडवणारं कोणी नसतं. दहाव्या-बाराव्या दिवशी कापसासारखे पुंजके दिसतात ते यामुळे. तेव्हा बुरशीनाशक फवारू नका; उरलेसुरले कामाचे जीवही जातील.

उपाय स्वस्त आणि सोपा आहे. संचातल्या प्रत्येक लिटर मातीत तीन चमचे (साधारण ४५ मिलिलिटर) पूर्ण कुजलेलं पानांचं खत किंवा झाडाखालच्या पाचोळ्याखालची काळी, भुसभुशीत माती मिसळा. खत पूर्ण कुजलेलं आहे याची खूण म्हणजे पानं ओळखू येत नाहीत आणि वास पावसानंतरच्या मातीसारखा येतो. स्प्रिंगटेल मिळाले तर वीस-तीस सोडा. एक-दोन मिलिमीटरचे पांढरे जीव असतात, बुरशी खातात, आणि बरणी उघडल्यावर बाहेर पसरत नाहीत, कारण कोरड्या हवेत ते टिकत नाहीत.

तीन चमच्यांचे तीसच करू नका. काही महागडे संच 'समृद्ध माती' म्हणून तिसरा हिस्सा गांडूळ खत घालतात, ती चूक उलट्या टोकाची. खाद्य जास्त म्हणजे जिवाणूंचं श्वसन जास्त, आणि झाडं लहान असताना तेवढा ऑक्सिजन भरून निघत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोनात बायोस्फिअर २ या काचेच्या बंद इमारतीत १९९१ साली आठ माणसं दोन वर्षांसाठी राहायला गेली, तेव्हा हेच घडलं. सेंद्रिय पदार्थांनी भरलेल्या मातीतल्या जिवाणूंनी इतका ऑक्सिजन वापरला की त्याचं प्रमाण २०.९ वरून सुमारे १४.५ टक्क्यांवर आलं. श्वसनातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड मात्र हिशेबात कमी भरत होता. तो इमारतीच्या काँक्रीटने शोषला होता. १९९३ च्या जानेवारीत बाहेरून ऑक्सिजन सोडावा लागला. सव्वा हेक्टरला जमलं नाही ते पाच लिटरला जमेल अशी आशा धरून मूठभर खत कोंबू नये.

माती आणि हवेतली कार्बनची ही देवघेव मोठ्या प्रमाणावर पृथ्वीवर रोजच चालते. जमिनीच्या वरच्या एका मीटरमध्ये जेवढा सेंद्रिय कार्बन आहे तो हवेतल्या कार्बनपेक्षा बराच जास्त आहे. फरक असा की पृथ्वीवर चूक पचवायला समुद्र आहेत, वारे आहेत. बरणीत चुकीचं उत्तर आठवड्यात मिळतं.

पाण्याचं प्रमाण हा पत्रकातला सगळ्यात घातक भाग. 'अर्धा लिटर पाणी घाला' असं एक वाक्य आणि संपलं. बरणीला खाली भोक नाही. शेतीत ज्याला वाफसा म्हणतात, तीच अवस्था इथे लागते: चांगल्या मातीचं निम्मं आकारमान पोकळ्यांचं, आणि त्यातल्या साधारण अर्ध्या पोकळ्यांत पाणी तर अर्ध्यांत हवा. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात, कारण ऑक्सिजन पाण्यातून सरकतो तो हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू. मग ऑक्सिजनविना जगणारे जिवाणू माजतात, नायट्रेटचा पुन्हा वायू करून उडवतात आणि सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याचा वास तो हाच.

म्हणून पाणी बरणीत ओतायचंच नाही. माती बाहेर परातीत घ्या. लिटरभर कोरड्या मिश्रणाला आधी २०० मिलिलिटर पाणी द्या, दहा मिनिटं थांबा (कोरडं कोकोपीट सुरुवातीला पाणी झिडकारतं), मग चमच्या-चमच्याने वाढवा. मूठ दाबली की गोळा व्हावा, बोटांतून थेंब गळू नये, आणि बोटाने टोचलं की गोळा फुटावा. मग भरा, पण थापू नका. सहा-सात सेंटीमीटर थर पुरतो. लावणीनंतर मुळांशी माती बसावी म्हणून दोन चमचे पाणी फवाऱ्याने द्या. पाणी पावसाचं किंवा डिस्टिल्ड घ्या. जड पाण्यातले क्षार बाहेर पडायला वाटच नसते, वाफ होऊन वर जातं ते फक्त पाणी.

पुढचं सगळं काचेवर वाचायचं. सकाळी काचेच्या एखाद्या बाजूला धुकं आणि दुपारपर्यंत ते विरलेलं, तर बरोबर. दिवसभर सगळी काच घामेजलेली असेल तर बूच रोज तीन-चार तास काढून ठेवा, असं चार-पाच दिवस. सलग आठवडाभर धुकंच नाही, तर दोन चमचे पाणी. कायम घामेजलेली काच अनेकांना 'जलचक्र छान चाललंय' असं वाटायला लावते, पण हवा वाफेने ठासून भरली की पानांतून बाष्प बाहेर पडत नाही, मुळांकडून पाण्याचा ओढा थांबतो, आणि त्या ओढ्याबरोबर वर येणारं कॅल्शियम कोवळ्या पानांना मिळत नाही. टोकं करपतात. बाहेरून बघणाऱ्याला ते तहानेचं लक्षण वाटतं आणि तो आणखी पाणी घालतो.

बंद काचेतल्या झाडांची सुरुवातच एका बाटलीतून झाली. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी १८२९ साली पतंगाचा कोश ओल्या मातीत ठेवून बाटली बंद केली, तर त्यात नेचा आणि गवत उगवलं. ती झाडं जवळपास चार वर्षं जगली. मेली ती झाकण गंजून पावसाचं पाणी आत शिरल्यामुळे.

उजेडाबद्दल पत्रक 'उन्हात ठेवा' म्हणतं. अजिबात नको. बंद काचेत तापलेल्या हवेला बाहेर पडता येत नाही, त्यामुळे थेट उन्हात थोड्याच वेळात आतली पानं शिजतात. (ग्रीनहाऊस तापतं ते मुख्यतः असं, हवा कोंडल्यामुळे, पृथ्वीचं वातावरण उष्णता धरतं ते वेगळ्या मार्गाने, अवरक्त किरण शोषून. नाव एक, कारण दुसरं.) ऊन न पडणारी पण वाचता येईल इतकी उजळ खिडकी, किंवा ३० ते ४० सेंटीमीटरवरून एलईडीचा पांढरा दिवा दिवसाला दहा-बारा तास. चोवीस तास दिवा नको, काचेवर शेवाळ धरतं.

खोक्यावरच्या चित्रातलं निवडुंग मात्र माफ करण्यासारखं नाही. निवडुंग आणि मांसल पानांची झाडं कोरड्या जागेसाठी घडलेली. पाणी वाचवायला ती पर्णरंध्रं रात्री उघडतात. दमट बरणीत त्यांचं बूड महिन्याभरात मऊ पडतं. फिटोनिया, लहान नेचे, छोट्या पानांचं पाइलिया, जिवंत मॉस हे लावा, पाच लिटरला तीनच रोपं. संचातलं वाळवलेलं, रंगवलेलं शेवाळ मेलेलं असतं. ते 'जागं होतं' हे पत्रकातलं वाक्य खोटं आहे. ओलं झालं की बुरशीला आयतं खाद्य.

खताची पुडी असेल तर वर्षभर फोडू नका. गळलेली एक-दोन पानं आतच राहू द्या, तीच मातीची शिदोरी. एकदम पाच-सहा पिवळी झाली तर काढून टाका. सडका वास आलाच तर झाकण उघडं ठेवून आठवडाभर वाट बघा, खड्यांत साचलेलं पाणी जाड सुईच्या सिरिंजने किंवा बारीक नळीने ओढून घ्या, आणि लाकडी काडीने काचेलगत चार-पाच ठिकाणी खड्यांपर्यंत भोकं पाडा, म्हणजे खाली हवा उतरेल. आठवड्यानंतरही काचेलगतची माती काळीच (म्हणजे अजून हवेविना सडत असलेली) दिसत असेल, तर रोपं काढून मुळं धुवा, तपकिरी-मऊ भाग कापा आणि माती बदला. बरणी, चिमटा आणि जाळी पुन्हा वापरता येतात.