जँगोचा प्रोजेक्ट जनरेटरने उभा करताना: आठ महिन्यांनंतर

गेल्या आठ महिन्यांत जँगोचे (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क) तीन बॅकएंड प्रोजेक्ट, म्हणजे वेबसाइटची सर्व्हरवरची बाजू, शून्यातून उभे केले. पहिला जँगोच्याच साध्या स्टार्टप्रोजेक्ट कमांडने, दुसरा कुकीकटर जँगो या प्रश्न विचारून प्रोजेक्ट तयार करणाऱ्या टेम्प्लेटवरून आणि तिसरा पुन्हा स्टार्टप्रोजेक्टने, पण स्वतःचं टेम्प्लेट देऊन. आता नवं काही सुरू करायचं तर मी तिसरीच पद्धत वापरतो.

स्टार्टप्रोजेक्ट मोजक्याच फाइल्स देतो: मॅनेज, सेटिंग्ज, यूआरएल्स, डब्ल्यूएसजीआय, एएसजीआय (शेवटच्या दोन वेब सर्व्हरशी जोडणाऱ्या). डेटाबेस एसक्यूलाइट (एकाच फाइलमधला), डीबग चालू. रनसर्व्हर कमांड दिली की पान दिसतं आणि हात आपोआप मायग्रेटकडे, म्हणजे डेटाबेसमध्ये टेबलं तयार करणाऱ्या कमांडकडे, वळतो. तिथे थांबा. त्या पहिल्या मायग्रेटने जँगोचं तयार यूझर मॉडेल (वापरकर्त्याची माहिती ठेवणारा क्लास) डेटाबेसमध्ये बसतं. मला चौथ्या महिन्यात यूझरनेमऐवजी ईमेलने लॉगिन हवं झालं. तोवर बऱ्याच टेबलांच्या फॉरेन की (दुसऱ्या टेबलाशी जोडणाऱ्या नोंदी) त्या जुन्या यूझर टेबलकडे गेलेल्या. त्या हाताने दुरुस्त करण्यात, बॅकअप घेऊन पुन्हा पुन्हा पडताळण्यात आठवडा गेला. जँगोच्या ॲब्स्ट्रॅक्टयूझरवरून काढलेला रिकामा क्लास आणि तोच वापरायचा हे सांगणारी सेटिंग्जमध्ये एक ओळ, एवढंच सुरुवातीला केलं असतं तर हे टळलं असतं. तयार मॉडेल पुरेसं वाटलं तरी नव्या प्रोजेक्टात स्वतःचंच ठेवा, असा सल्ला जँगोच्या डॉक्युमेंटेशनने दिलेला होता.

सीक्रेट कीचंही (सेशन वगैरेंवर सही करायला जँगो वापरतो ती गुप्त किल्ली) तसंच. जँगोच्या व्हर्जन ३.२ पासून तयार होणाऱ्या कीच्या सुरुवातीला 'जँगो-इनसिक्युअर' असं लिहिलेलं असतं, म्हणजे चेक कमांड डिप्लॉय पर्यायासह चालवली की इशारा मिळतो. पण की सेटिंग्जच्या फाइलमध्येच असते, त्यामुळे पहिल्याच कमिटबरोबर ती गिटमध्ये, म्हणजे कोडच्या इतिहासात, जाते.

कुकीकटर जँगोत ही दोन्ही दुखणी नाहीत. यूझर मॉडेल आधीच वेगळं, सेटिंग्ज लोकल (आपल्या संगणकासाठी) आणि प्रॉडक्शन (खऱ्या सर्व्हरसाठी) अशा विभागलेल्या, हवं असेल तर डॉकरही (ॲप कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) तयार. अडचण ते सुरुवातीला विचारतं त्या प्रश्नांची आहे. सेलरी (बॅकग्राउंडची कामं चालवणारं साधन) हवं का, याला मी 'पुढे लागेल' म्हणून हो म्हटलं. त्यासाठी लागणारे रेडिस, वर्कर, बीट असे कंटेनर रोज चालू राहिले आणि दोन महिन्यांत बॅकग्राउंडचं एकही काम लिहिलं नाही. शेवटी फाइल फाइल शोधून सेलरी काढून टाकलं. आज जे लागणार नाही, त्याला नाही म्हणा. नंतर सेलरी जोडणं हे काढण्यापेक्षा मला सोपं गेलं.

माझ्या टेम्प्लेटमध्ये यूझर मॉडेलचं ॲप, एन्व्हायर्नमेंटमधून (कोडबाहेर ठेवलेल्या मूल्यांतून) वाचणाऱ्या सेटिंग्ज, गिटइग्नोर (गिटने वगळायच्या फाइल्सची यादी) आणि एक चालणारी टेस्ट, इतकंच आहे. स्टार्टप्रोजेक्टला टेम्प्लेट पर्यायात त्या फोल्डरचा पाथ दिला की झालं. एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली: प्रोजेक्टचं नाव भरायच्या जागा स्टार्टप्रोजेक्ट फक्त पायथन फाइल्समध्ये भरतो. रीडमीतही (प्रोजेक्टची माहिती देणारी फाइल) नाव यायला हवं असेल तर एक्स्टेन्शन पर्यायात एमडी, म्हणजे त्या फाइलचा प्रकार, वेगळा सांगावा लागतो.