पुढून चेन असलेली स्पोर्ट्स ब्रा : शस्त्रक्रियेनंतर व्यायामाला परतताना सात महिने वापरून

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझी स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. डिसेंबरात ही ब्रा घेतली आणि आता जुलै चालू आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. या धर्तीच्या ब्रा बऱ्याच कंपन्या करतात, आणि मला सांगायचंय ते शिवणीबद्दल, खालच्या पट्ट्याबद्दल आणि घाई केल्यावर काय होतं त्याबद्दल. घ्यायच्या आधी मी खूप शोधलं, पण आपल्या भाषेत कुणी मोकळेपणी लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

मी एकेचाळीस वर्षांची. वीस वर्षं खांद्यावर पट्ट्यांच्या खाचा होत्या, मान आणि पाठ कायम भरून आलेली. स्तनांखाली घाम साचून चट्टे उठायचे आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्यांवर बुरशी ठरलेली. धावणं तर शाळेनंतर सुटलंच. दोन्ही बाजू मिळून सव्वा किलोच्या आसपास भाग काढला. ‘बाई गं, देवानं दिलेलं का कापायचं?’ असं आत्या म्हणाली होती. तिला मी खांद्यावरची खाच दाखवली. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि मग काही बोलली नाही.

पहिले सहा आठवडे दवाखान्यातून मिळालेली, पुढे हूक असलेली सर्जिकल ब्रा रात्रंदिवस घालायची होती. तिच्याबद्दल तक्रार नाही. या काळात व्यायाम म्हणजे चालणं, आणि ते दुसऱ्या दिवसापासूनच. डॉक्टरांनी कारण नीट सांगितलं होतं. पडून राहिलं तर पायातल्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याची भीती असते, म्हणून चालायचं. पण सुरुवातीच्या दिवसांत धाप लागेल असं काही केलं आणि रक्तदाब एकदम वाढला, तर आत रक्त साचू शकतं, म्हणून हळू. मी घरातच स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या घालायचे. दहाव्या दिवशी खाली उतरले. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, तिसरा मजला. प्रत्येक मजल्यावर थांबून चढले.

धावायचं नाही, वजनं उचलायची नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. मला खरा त्रास झाला तो घरातल्या कामांचा, ज्यांना आपण व्यायाम म्हणतच नाही. दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही असं सांगितलं होतं. नळाखाली भरलेली बादली पंधरा-अठरा किलोची होते. पाच लिटरचा कुकर भरला की चार किलोच्या वर. कणीक मळताना छातीचा स्नायू किती ओढला जातो हे तोवर कधी लक्षातच आलं नव्हतं. आणि वलणी! छताला टांगलेल्या वलणीवर ओले कपडे टाकायचे म्हणजे दोन्ही हात डोक्यावर आणि त्यात ओल्या चादरीचं वजन. ते काम सासूबाईंनी आणि मुलानं दीड महिना केलं. माळ्यावरचं काही मी आजही एकटी काढत नाही.

लोकलचंही तसंच. चौथ्या आठवड्यात ऑफिस सुरू केलं. साहेबांना सांगून साडेदहाची वेळ घेतली, कारण दादरहून चर्चगेटला जाताना लेडीज डब्यात उभं राहिलं तर वरचं हँडल धरावंच लागतं. हात वर, गाडीचा धक्का आणि शेजारणीचं कोपर हे तिन्ही एकदम नको होतं. सॅक पुढे घ्यायची सवय होतीच. तिच्यात फक्त एक घडी केलेला टॉवेल ठेवायचे आणि पट्टे खांद्यावर न घेता ती दोन्ही हातांनी धरायचे. दोन-तीनदा बायकांनी आपणहून जागा दिली. कारण कुणी विचारलं नाही.

आता या ब्राकडे येते. माझी चूक इथेच झाली. सर्जिकल ब्राचा कंटाळा आला होता आणि बाहेरून जखमा भरल्यासारख्या दिसत होत्या, म्हणून पाचव्या आठवड्यातच, डॉक्टरांना न विचारता, मी ही घालायला लागले. शिवाजी पार्कला झपझप दोन फेऱ्या मारल्या. एक फेरी साधारण सव्वा किलोमीटरची. चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी ब्रा काढताना आतल्या बाजूला पिवळसर डाग दिसला. स्तनाखालच्या घडीत, टाक्यांची उभी आणि आडवी रेघ जिथे मिळते तिथे, हरभऱ्याच्या डाळीएवढी जागा उघडली होती.

मी रडलेच. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले की उशिरा भरणारी जागा बहुतेकदा हीच असते, कारण ताण इथे सर्वांत जास्त आणि रक्तपुरवठा सर्वांत कमी. रोज ड्रेसिंग, चालणं मंद आणि परत सर्जिकल ब्रा. भरून यायला अडीच आठवडे लागले. या ब्राचा खालचा पट्टा नेमका त्या बिंदूवर बसत होता आणि पट्ट्याच्या आत जाड शिवण होती. फुटपाथवर चालताना प्रत्येक पावलाला ती तिथेच घासत होती. त्यामुळे ब्रा घेताना कप, रंग, पुढची चेन यांच्या आधी पट्टा उलटा करून आतून बोट फिरवा. बोटाला शिवण जाणवली तर ती परत ठेवा. मी नंतर दुसरी घेतली, त्याच कंपनीची, पण पट्टा दोन इंच रुंद आणि आतून सपाट असलेली. ती घडीच्या बरीच खाली, बरगड्यांवर बसते. पुढचं सगळं त्या दुसरीबद्दल आहे.

चांगलं काय, तर पुढची चेन. हात मागे न नेता, डोक्यावरून न ओढता घालता येते, आणि पहिले तीन महिने यापेक्षा मोठी सोय दुसरी नाही. चेनच्या आतून कापडाची पट्टी हवीच, नाहीतर मधल्या हाडावर दात रुततात. तारा अजिबात नाहीत. खांद्याचे पट्टे रुंद आहेत आणि जुन्या खाचांवर बसत नाहीत. आवळपणाबद्दल मात्र माझा गैरसमज होता. मला वाटायचं जितकी घट्ट तितकी सुरक्षित. फिजिओथेरपीच्या मॅडमनी पट्ट्याखाली दोन बोटं घालायला लावली आणि खोल श्वास घ्यायला सांगितला. तो पूर्ण येत नव्हता. फार घट्ट ब्रा कातडीवर वळ उठवते आणि श्वास आखूड करते, त्यानं संरक्षण वाढत नाही. दोन बोटं सहज जातील, पण हात वर केल्यावर पट्टा वर सरकणार नाही, इतकीच हवी.

रथसप्तमीला अकरावा आठवडा चालू होता. आमच्या गच्चीवर दरवर्षी सगळे मिळून सूर्यनमस्कार घालतात. मी बाराच घालायचे ठरवले, सातवर थांबले. हात वर नेऊन मागे वाकताना काही झालं नाही. साष्टांगाच्या स्थितीत छाती जमिनीला टेकवताना आणि तिथून भुजंगासनात उठताना डाव्या बाजूला आत काहीतरी ताणल्यासारखं झालं. दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डावी बाजू उजवीपेक्षा जड आणि फुगलेली. दोन दिवसांत उतरली.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. व्यायाम करताना बरं वाटलं याला किंमत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर काय दिसतं त्याला आहे. ब्रा सगळं धरून ठेवते, त्यामुळे ताण त्या क्षणी कळतच नाही. काढल्यावर कळतो. मॅडम म्हणाल्या की तिसऱ्या आठवड्यात भरलेल्या कातडीला मूळच्या ताकदीचा जेमतेम पाव हिस्सा आलेला असतो, तीन महिन्यांनी सुमारे ८० टक्के, आणि पूर्ण ताकद पुन्हा कधीच येत नाही. बाहेरून मात्र ती सहाव्या आठवड्यातच अगदी बरी दिसते.

छातीचा जोर त्यांनी भिंतीपासून सुरू करून दिला. भिंतीला हात टेकून दंड, मग ओट्याला, मग गुडघे टेकून. जमिनीवरचा पहिला पूर्ण दंड मी एप्रिलच्या शेवटी काढला. सूर्यनमस्कारात साष्टांगाऐवजी काही आठवडे गुडघे टेकून थांबायचे.

धावणं फेब्रुवारीच्या मध्यावर, डॉक्टरांची परवानगी घेऊन. एक मिनिट धावायचं, तीन मिनिटं चालायचं. धावताना स्तन नुसते वर-खाली होत नाहीत, बाजूलाही झुलतात आणि पुढे-मागेही, म्हणून नुसतं दाबून धरणारं कापड पुरत नाही. या ब्राला आत दोन वेगळे कप आहेत, त्याचा इथे उपयोग झाला. पार्काच्या कट्ट्याबाहेरून पहिल्यांदा न थांबता पूर्ण फेरी मारली तो दिवस मार्चमधला. पाठ दुखत नव्हती आणि दोन्ही हात मोकळे हलत होते. इतकी वर्षं मी हात छातीशी धरून भरभर चालत आले होते, हे त्या दिवशी लक्षात आलं. घरी येऊन आत्याला फोन केला.

आता उणिवा. मे महिन्यात घामानं पट्टा अर्ध्या तासात चिंब होतो. आल्याबरोबर काढायची, घडी कोरडी पुसायची, मग चहा. पावसाळ्यात ही ब्रा दीड दिवस वाळत नाही. रुंद पट्टा आणि दुहेरी कप, म्हणजे पाणी धरून ठेवणारच. ओलसर घातली की बुरशी परत, आणि नव्या व्रणांवर ती अजिबात नको. त्यामुळे दोन किमान, शक्य तर तीन. साध्या पाण्यात हातानं धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा. फॅब्रिक कंडिशनरनं माझ्या एकीचं इलास्टिक पाच महिन्यांतच ढिलं झालं. दुकानदारानं बदलून दिली नाही.

साईझचं आणखी. सहाव्या आठवड्यात मोजून घेतलेली ब्रा मला चौथ्या महिन्यात सैल झाली. सूज हळूहळू उतरत असते आणि आकार स्थिरावायला सहा महिने ते वर्ष लागतं. सुरुवातीला सेलमध्ये चार एकदम घेऊ नका. आधी एकच घ्या, दर दीड-दोन महिन्यांनी टेपनं खालचा घेर मोजा, बाकीच्या माप स्थिरावल्यावर.

काखेजवळची कड मात्र मला अजूनही टोचते, तिथली शिवण उलट्या बाजूनं मारायला हवी होती. व्रणांवर मी रात्री सिलिकॉन जेल लावते (सगळं भरल्यावर, डॉक्टरांना विचारून), सकाळी ब्रा घालण्याआधी पुसते, नाहीतर कापड चिकटतं. अधूनमधून विजेसारखी बारीक कळ येते. नसा पुन्हा जाग्या होताना तसं होतं असं सांगितलं गेलं. पहिल्यांदा धावताना आली तेव्हा मी घाबरून बसले होते.

पोहणं अजून सुरू केलेलं नाही. जखमा केव्हाच भरल्यात, परवानगीही आहे, पण खांदा पूर्ण फिरवताना डावी बाजू किंचित ओढते. ऑक्टोबरात पार्काजवळच्या महापालिकेच्या तलावावर चौकशी करणार आहे.

एक मात्र कळकळीनं सांगते. एकच बाजू अचानक सुजली, लालसर गरम झाली, पू आला, ताप आला, तर ब्रा बदलून बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला, तर थेट हॉस्पिटल गाठा. आणि माझे आठवडे तुमचे आठवडे म्हणून धरू नका. माझ्यासोबत त्याच महिन्यात शस्त्रक्रिया झालेली एक जण जानेवारीतच धावत होती.

किंमत चौदाशे रुपये पडली. रुंद, आतून सपाट पट्ट्याची असेल तर पुन्हा घेईन. सध्याच्या दोनांपैकी एक वलणीवर वाळते आहे, ती मीच टाकली. तिसरी दिवाळीच्या आधी घेईन, तोवर वर्ष होत येईल, आणि त्या आधी टेप काढून पुन्हा मोजेन.